डोण भरेना

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच महिने वाचतेय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. पिंपळ, पांढरी साडी, मागे वळून बघू नकोस… हॉस्टेलवर जेवताना मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवायचं आणि हसायचं. आमचे आप्पा फौजेतून रिटायर झालेले. घरात भुताचा विषय निघाला की "सरहद्दीवर थंडीनं दात वाजत्यात, भुतानं न्हाई," एवढं बोलून विषय बंद. त्यांचीच मुलगी मी. त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा आधी स्वतःचीच लाज वाटली. पण जे घडलं ते भर दुपारी, अख्ख्या वर्गासमोर घडलं, आणि भुताबिताचं त्यात काहीच नव्हतं. मग काय होतं — ते मला अजून कळलेलं नाही.

मी ऋतुजा. गाव आष्टा. सांगलीत चित्रकलेचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलं. कॉलेजचं नाव देत नाही, कारण आमचे सर इथे येऊन वाचतात असा मला संशय आहे.

आमच्याकडे दरवर्षी एक प्रोजेक्ट सामाजिक विषयावर करावा लागतो. पहिल्या वर्षी मी व्यसनमुक्ती केली — सिगारेटच्या धुरातून निघणारी कवटी. दुसऱ्या वर्षी हुंडा, म्हणजे तराजूच्या पारड्यात बसलेली नवरी. तिसऱ्या वर्षी प्लास्टिकमध्ये अडकलेलं समुद्री कासव… समुद्र मी तोवर शाळेच्या सहलीत एकदाच पाहिला होता. कवटीला चांगले मार्क पडले आणि आमच्या गल्लीतल्या एकाचीही तंबाखू सुटली नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, सगळं मार्कांसाठीच चाललं होतं.

शेवटच्या वर्षी मी पाणीटंचाई घेतली. सर हसले. म्हणाले, "तू आष्ट्याची. तुमच्या उसात पाय टाकला तर चप्पल रुतून बसते. तुला गं काय माहीत दुष्काळ?" हे मला लागलं. त्याच रविवारी एसटी पकडून मी आटपाडीच्या बाजूला गेले, आणि मग जातच राहिले.

तिथल्या एका माळावरच्या वस्तीवर मला बायाक्का भेटल्या. सत्तरीच्या, काटक, आणि जिभेला धार. त्यांचा मुलगा बिरा आणि सून हौसा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला जातात. पाटणच्या पलीकडे, घाट उतरून कोकणात. पावसाच्या तोंडावर परत येतात. तोवर आक्का आणि दोन शेरडं, एवढाच संसार. त्यांच्या दारात एक डोण होती. मेंढरांना पाणी पाजायची, एकाच दगडातून कोरलेली, काठ झिजून गुळगुळीत झालेला. मेंढरं अर्धं वर्ष घरी नसतात, तरी आक्का रोज सकाळी हापशावरून पाणी आणून ती डोण काठोकाठ भरायच्या. स्वतःला प्यायचं पाणी पुरवून वापरायच्या आणि इकडे रिकाम्या अंगणात ही डोण तुडुंब!

मी विचारलं, "आक्का, कुणासाठी?"

"मेंढरांसाठी की गं."

"पण ती तर तिकडं कोकणात…"

"म्हनूनच तर. डोण भरल्याली आसली की त्यास्नी वाटंवर पानी घावतं. हिकडं ही कोरडी पडली की तिकडंबी आटतं. माझी सासू भरायची, तिची सासूबी भरायची."

"आणि मग हे पाणी जातं कुठं?"

"चिमण्या पित्यात, कुत्री पित्यात, ऊन पितं. तुला का हिशेब पायजे त्येचा?" असं म्हणून त्या खळखळून हसल्या.

किती सुंदर लोकसमजूत, असं मला वाटलं. आणि लगेच दुसरा विचार आला — ही डोण प्रदर्शनात ठेवली तर? पांढरी खोली, मधोमध ही कोरडी ठणठणीत डोण, खाली नाव 'रिकामी'. आमच्या भाषेत याला इन्स्टॉलेशन म्हणतात. सरांना आयडिया प्रचंड आवडली. आक्कांना पटवायला मात्र वेळ लागला. शेवटी मलाच कंटाळून म्हणाल्या, "ने जा. माझ्या बिरानं चवथीत शाळा सोडली, ह्यो दगूड तरी कॉलेजात जाऊ दे." अटी दोन. मेंढरं यायच्या आत परत आणायची, आणि तिकडे रोज पाणी घालायचं.

"व्हय म्हन."

"व्हय," मी म्हणाले.

आप्पांनी मित्राचं पिकअप आणलं. वस्तीवरच्या माणसांना हाताशी धरून डोण चढवताना घाम पुसत मला म्हणाले, "बाकीच्यांच्या पोरी माहेरातनं साडी घिऊन जात्यात, माझी धोंडा घिऊन निघाली."

कॉलेजात सुरुवातीला मी इमानेइतबारे रोज पाणी घालत होते. डोणीमागची भिंत रंगवताना निळा रंग ओघळून काठावर पडला. अंगठ्याएवढा डाग. टर्पेंटाइनने घासला तरी निघेना, दगडाने पिऊन टाकला होता. मग ती बाजू भिंतीकडे वळवली आणि कुणाला बोलले नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पाणी काढलं, फडक्याने डोण पुसली आणि वर पंखा लावून कोरडी केली. नावच 'रिकामी', दुसरं काय करणार?

परीक्षक यायचे होते त्या दिवशी दुपारी फोन वाजला. शेजारणीच्या मोबाइलवरून आक्का बोलत होत्या.

"पोरी, बिराचा फोन लागंना गं. संगतीची मेंढकं कराडच्या पुढं आली, ह्योच न्हाई आला. कुणी म्हनतंय जवळची वाट म्हनून पठारावनं गेला. तितं तर ह्या दिसांत चिमनीलाबी पानी न्हाई." मग जरा थांबून, "डोणीत पानी हाय न्हवं?"

माझ्यासमोर ती डोण होती. पुसून लख्ख केलेली.

"आहे आक्का. आहे."

"मग यील," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम सैल झाला. तो सुटलेला श्वास मला ऐकवेना.

माझा विश्वास बसला म्हणून मी उठले, असं नाही. त्या माऊलीशी खोटं बोलले ते निदान खरं तरी करू, एवढंच मनात होतं. पॅसेजच्या नळाखाली ब्रश धुवायची बादली होती, ती विसळून भरली आणि आणून डोणीत ओतली.

माझा वर्गमित्र समीर, मिरजेचा, पळत आला. "अगं, डोकं फिरलं का? खाली 'रिकामी' लिहिलंय आणि तू पाणी ओततेस? आता येतील ना ते!"

"थोडंच घालते. तळाला."

आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. तळ नुसता ओला होता. पाणी नव्हतं.

समीर गुडघ्यांवर बसला, हाताने चाचपलं. खालची फरशी कोरडी. डोणीला कुठे केसाएवढीही चीर नाही. तो गेला आणि दुसरी बादली घेऊन आला. या वेळी ओतताना आम्ही नजर हलवली नाही… पाण्यावर वलयं उठत होती. एक इथे, एक तिथे, मग काठाकाठाने कितीतरी, एकात एक गुंतलेली. आणि पाणी खाली जात होतं. झिरपत नव्हतं. कुणीतरी ते पीत होतं. मला दुसरा शब्द सुचत नाही. कान दिला तर बारीक सप सप आवाजही येत होता, आणि सगळ्या हॉलमध्ये ओल्या लोकरीचा वास भरला होता.

मग कुणी कुणाला सांगितलं नाही, पण नळापासून हॉलपर्यंत मुलांची रांग लागली. बादल्या, तांबे, रंगाचे डबे, हाती येईल त्यात पाणी यायला लागलं. आमची मुलं कटिंग चहाचेसुद्धा फोटो काढतात. त्या दिवशी एकाचाही हात मोबाइलकडे गेला नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही. भीती वाटायला हवी होती ना? मला वाटली नाही. छाती भरून आली होती. आपण ओततोय आणि कुणाची तरी तहान भागतेय, एवढंच कळत होतं, आणि त्याच्यापुढे सगळं लहान वाटत होतं.

तेवढ्यात सर परीक्षकांना घेऊन आत आले.

"ऋतुजा! काय चाललंय हे? ठेव ती बादली खाली."

मी ठेवली. रांग जागच्या जागी थांबली. परीक्षक वाकून पाटी वाचायला लागले — 'रिकामी' — आणि त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा पडला. "संकल्पना समजावून सांग," ते दात आवळून म्हणाले. मी तोंड उघडलं. पाणीटंचाई, ग्रामीण स्त्री, असं काहीतरी पाठ केलेलं बोलायला लागले. बोलता बोलता माझी नजर डोणीत गेली. पाणी संपलं होतं. पण तळाच्या दगडावरची ओल हलत होती. इथून तिथे सरकत होती, पुसट होत होती, परत उठत होती. कोरड्या दगडाला कुणीतरी चाटत होतं.

माझं वर्ष त्या क्षणाला त्या दोन माणसांच्या हातात होतं, आणि मला ते चांगलंच माहीत होतं.

"सर, मार्क नाही दिले तरी चालतील," मी म्हणाले. "अजून कुणाचंतरी प्यायचं राहिलंय."

आणि बादली उचलली. मागून समीरने त्याची पुढे केली. आम्ही ओतत राहिलो. हळूहळू वलयं विरळ झाली, एक-दोन उरली, मग तीही थांबली. आता मात्र पाणी चढायला लागलं आणि काठाशी येऊन राहिलं. त्यात छताचा पंखा फिरताना दिसत होता. सर पुढे आले, त्यांनी पाण्यात बोटं बुडवली, बराच वेळ तशीच ठेवली, आणि परीक्षकांना घेऊन पुढच्या चित्राकडे गेले. मी पास झाले. शेरा होता, 'संकल्पना व मांडणी यांत विसंगती.' तक्रार नाही.

पाच दिवसांनी आक्कांचा फोन आला, बिरा विट्याजवळ पोचलाय म्हणून. पुढच्या आठवड्यात आप्पा आणि मी डोण परत द्यायला गेलो, तर आक्कांची पहिली अट मोडलीच होती, अंगण मेंढरांनी भरलेलं. बिराला मी पहिल्यांदाच भेटत होते. उंच, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा. पिकअपमधून डोण उतरवायला त्याने काठाला हात घातला आणि तसाच थांबला.

"ह्यो निळा डाग कवा पडला?"

"कॉलेजात. माझ्या हातून रंग सांडला," मी म्हणाले. "सॉरी दादा, निघत नाहीये."

त्याने डोण परत टेकवली आणि हौसावहिनींकडे पाहिलं. त्या पुढे आल्या, त्या डागावर बोट फिरवलं आणि वाकून तिथे कपाळ टेकवलं.

मग बिराने सांगितलं. पठारावर त्यांची वाट चुकली होती. फोनचं चार्जिंग संपलं, जवळचं पाणी संपलं. भर उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून बसली. "आशी बसली की उठत न्हाईत, ताई. मी बिरुबाचं नाव घितलं आन् बसलो. तर म्होरकं मेंढरू उठलं की. पळाय लागलं. बारक्या टेकाडामागं डोण. भरल्याली. ना घर, ना हीर, नुसती डोण. किती पेली तरी आटंना… वरनं कुणीतरी वतत हुतं जणू. काठाला ह्योच डाग. दुसऱ्या दिशी क्यान भरून घ्यावं म्हनून मागं फिरलो, तर डोण न्हाई. खुरांचा चिखल तेवढा हुता."

आप्पा फौजी टोपी काढून हातात घेऊन उभे होते.

"मधी एकदा पानी तुटलं हुतं," हौसावहिनी हळूच म्हणाल्या. "मोठी मेंढरं पयली घुसत्यात, कोकरं मागं ऱ्हात्यात. त्यांची पाळी आली आन् डोण कोरडी पडली. दगूड चाटाय लागली बिचारी. म्या म्हनलं, संपलं. मग आलं परत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तवा काय झालं हुतं?"

"आमचे सर आले होते," मी म्हणाले.

आक्कांनी माझ्या हातात घागर दिली. "वत," म्हणाल्या. मी ओतलं. कोकरं आधी आली, आक्कांनीच मोठ्यांना मागे ढकललं होतं.

समीर अजून सच्छिद्र दगडाचं काहीतरी सांगत असतो. पण तीच डोण आज आक्कांच्या अंगणात काठोकाठ भरलेली असते आणि एक थेंब झिरपत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि आता मी ते शोधतही नाही. फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. सरांनी सांगितल्यावर मी बादली खाली ठेवली होती, आणि परत उचलायच्या आधी थोडा वेळ मार्कांचा विचार केला होता. तेवढा वेळ तिकडे कोकरं दगड चाटत होती.