काशीरामशेठची कुलूपबंद खोली

रोज सकाळी चहाच्या आधी काशीराम करदोड्याला बांधलेली किल्ली सोडायचे, आतल्या खोलीचं कुलूप काढायचे आणि कॉम्प्युटरला हळदकुंकू लावायचे. मग हिशोबाचा प्रोग्राम उघडून आकडा बघायचे. भरायचं काही नसे, खोडायचं काही नसे. आकडा जागेवर आहे एवढं पाहून पुन्हा कुलूप, आणि कुलपाला दोन हिसके.

पनवेलजवळच्या कोन गावातली त्यांची भातशेती रस्त्यात गेली, मोबदला आला, आणि गाव त्यांना शेठ म्हणू लागलं. शेठ होण्यासाठी त्यांनी एक सही केली होती. तशी सही त्यांच्या मुलीनेही केली, हक्कसोडपत्रावर. "तुझं अठरा लाख माझ्याजवळ. बँकेपेक्षा बापाजवळ बरं," असं ते म्हणाले, आणि मनस्वीने ते खरं मानलं. ठेव काशीरामांच्याच नावावर राहिली.

मनस्वी बेलापूरच्या एका कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचंच काम करते. लग्न मोडल्यावर ती करंजाड्यात भाड्याने राहत होती. तिथेच तिने दोन खोल्यांचं घर ठरवलं, साठवलेले दोन लाख बयाणा म्हणून दिले. दिवाळीनंतर महिन्याभरात उरलेले भरायचे होते, आणि ते म्हणजे तेच अठरा लाख.

कोनला आली की ती त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरूनच सांगायची. आत यायची तिला मुभा नव्हती.

"बाबा, प्रोग्राम तीन वर्षं अपडेट केलेला नाही. अँटिव्हायरसची मुदत संपलीय. आणि पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनला कोण चिकटवतं?"

"खोलीला कुलूप हाय ना? मग वाचणार कोण? तूच."

"मी वाचून काय करणार?"

"तेच तर मना कळत नाय."

ओट्यापाशी मासळी साफ करणाऱ्या मनस्वीच्या आई, जनीबाई, म्हणाल्या, "खोलीला कशाला, तोंडाला लावा कुलूप."

लक्ष्मीपूजनाला वही उघडी ठेवून पुजायची, त्या रात्री ती मिटायची नाही, हा रिवाज काशीरामांनी पनवेलच्या व्यापाऱ्यांकडून उचलला होता. त्यांच्या घरात कधी वही नव्हती, भाताची कणगी होती. तेव्हा वहीच्या जागी कॉम्प्युटर बसला. पाटावर स्क्रीन, स्क्रीनवर ठेवी आणि खात्यांचे क्रमांक, कोपऱ्यात चिठ्ठी, भोवती झेंडू. पणत्यांच्या उजेडात आकडे फार देखणे दिसत होते. शेजारी सफारी घालून काशीराम उभे राहिले, आणि नव्या मोबाइलने काढलेला तो फोटो त्यांनी स्वतःच्या हाताने गावाच्या ग्रुपवर टाकला. तीनशे माणसं. "एक नंबर, शेठ!" मुलीला जे दिसू नये म्हणून किल्ली कमरेला बांधली होती, ते तालुक्याला दाखवताना त्यांना अतिशय आनंद झाला.

फोटो तिथून कुठकुठे गेला, कोण जाणे. पाचव्या दिवशी फोन आला.

"काशीरामशेठ ना? तुमच्या हिशोबाच्या प्रोग्रामच्या ऑफिसातून बोलतोय."

त्या माणसाने त्यांच्या सगळ्या ठेवी घडाघडा सांगितल्या. काशीरामांना संशय आला नाही, अभिमान वाटला. प्रोग्राम जुना झालाय, चोर शिरतील, मी इथूनच दुरुस्त करतो, असं तो म्हणाला. मुलगी तीन वर्षं हेच सांगत होती, पण ती शेठ म्हणत नव्हती. त्याने सांगितलं ते काशीरामांनी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि मोबाइलवर आलेले आकडे पाढे म्हणावेत तसे खणखणीत वाचून दाखवले. फोन ठेवताना म्हणाले, "पनवेलला आलात तर जेवायला या."

संध्याकाळी बँकेचा संदेश आला. ठेव मोडली होती, खातं रिकामं होतं. काशीरामांनी तो चार दिवस कोणाला दाखवला नाही. गाव हसेल, ही भीती अठरा लाखांहून मोठी निघाली. प्रोग्रामात जुनाच आकडा होता, कारण तो त्यांनीच कधीतरी भरलेला. चारही सकाळी त्यांनी तो पाहिला.

पाचव्या दिवशी मनस्वी चेक मागायला आली, तेव्हा सगळं बाहेर पडलं. बापाला घेऊन ती बँकेत गेली, पोलिसांत गेली. बँकेतल्या बाईंनी विचारलं, "त्याच संध्याकाळी का नाही आलात? काहीतरी अडवता आलं असतं."

घर दुसऱ्याला गेलं, बयाणा बुडाला. मनस्वीने भाड्याची खोली सोडली आणि सामान घेऊन कोनला आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं असं जनीबाई म्हणतात. घराचा प्रश्न निघाला की काशीराम सांगत, "पोरीची जात, बापाच्या घरी काय वाईट हाय तिला?"

चैत्रात एका पहाटे झोपेतच ते गेले. नाक्यावर फलक लागला, त्यात त्यांना दानशूर म्हटलं होतं.

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मनस्वी कामावरून थकून आली होती, तरी तिनेच स्वयंपाक केला आणि त्यांना वाढलं. दोन घास खाऊन त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं.

"सुकटीत आंबट जास्त झालंय गो. उद्या आईला करू दे."