चार सुरांत सा नाही

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात चुकला. पियानोच्या चार पट्ट्या एकदम दाबून तो तसाच बसून राहिला आणि माझ्या तोंडाकडे बघून हसू लागला. आता दुरुस्त करील, मग दुरुस्त करील म्हणून मी वाट बघतोय, तर तो जागचा हलेना.

"काय वाटतं?" त्यानं विचारलं.

"चुकलं," मी म्हणालो.

"नाही चुकला. ह्याला सेव्हन्थ म्हणतात. डॉमिनंट सेव्हन्थ."

हा म्हातारा मूळचा गोव्याचा. रेल्वेत गार्ड होता आणि पेन्शनीत निघाल्यावरही सोलापुरातच, स्टेशनाच्या मागं दोन खोल्यांत राहिला होता. मी एका थेटरात पडद्याखाली बसून पेटी वाजवत असे. मुक्या चित्रांचे दिवस होते. वर मारामारी लागली की जलद वाजवायचं, रडारड लागली की सावकाश, एवढीच अक्कल त्या कामाला पुरायची. मग आमच्या मालकांनी विलायतेला परत निघालेल्या एका गिरणीसाहेबाचा पियानो लिलावात उचलला. "इंग्रजी चित्राला इंग्रजी बाजा पाहिजे. दिवाळीपर्यंत शिका," म्हणाले. म्हणून रोज दुपारी, थेटर रिकामं असताना, गार्डसाहेब येऊन मला शिकवायचे.

पियानोनं मला पहिल्याच दिवशी धक्का दिला होता. पेटीची पट्टी दाबून धरा, भाता हलवत राहा, सूर हवा तितका चालतो. हा एवढा कपाटाएवढा बाजा, पण पट्टी दाबून धरली तरी सूर आपला मरतोच. पुढं तीन सूर एकदम वाजवायचे कळलं, सा, ग आणि प. ते मी पचवलं, कारण तिघं एका घरातले वाटत होते. पण ही चौकडी भलतीच होती. मी एकेक पट्टी दाबून मोजली. प, नी, रे, म. पुन्हा मोजली. सा नाहीच!

"सा कुठं आहे?" मी विचारलं.

"नाही. म्हणून तर मजा आहे. आता तू तिकडे जायला तडफडणार."

मजा म्हणे. मला तर चारचौघांत धोतर सुटल्यागत झालं होतं. ते का, हे कळायला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं.

वडील होटगीला रेल्वेच्या गँगमध्ये होते. आयुष्यभर रुळाखालची खडी ठोकली, आणि गावच्या मारुतीच्या देवळात दर एकादशीला भजन सांगितलं. मी सात वर्षांचा असल्यापासून त्यांच्या मागं पेटीवर. त्यांचा सूर पांढरी एक, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी हाच त्यांचा सा. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली होती. "बाकीची बोटं कुटंबी नाचू देत," ते म्हणायचे, "पर आंगठा हितनं हालवायचा न्हाय." हितनं म्हणजे सा वरून. चाल वर जावो, खाली जावो, माझा अंगठा सा धरून बसायचा. चाल अगदीच खाली उतरली तर वरचा सा करंगळीनं धरायचा, पण सा बंद पडू द्यायचा नाही.

अलीकडे दोन वर्षं त्यांचे कान गेले होते. आई आणि मी सोडून गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. भजनाला बसले की ते डावा तळहात माझ्या पेटीच्या लाकडावर टेकवायचे. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला लेकाची लई माया. खरी गोष्ट अशी होती की सा त्यांना त्या लाकडातून तळहाताला कळायचा. तो कळला नाही तर आवाज भरकटणार, आणि एकदा आवाज भरकटला की देवळातली पुढची जागा गेली. त्या जागेवर डोळा ठेवून बसलेला एकजण होताच. गँगचं काम सुटलं होतं, शेत नव्हतंच. उरलं होतं ते एकादशीचं भजन. म्हणून काहीही झालं तरी मी दर एकादशीला दुपारची गाडी धरून होटगीला जायचो. मालकांची बोलणी खायचो, पण जायचो.

तर अशा माझ्या हाताला गार्डसाहेब सा सोडायला सांगत होते. मी चार सूर बरोबर दाबायचो, आणि तेवढ्यात डाव्या हाताची करंगळी गुपचूप जाऊन सा वर बसायची. पियानोचा सूर मरतो, म्हणून मी तो पुन्हा पुन्हा ठोकायचो. गार्डसाहेब कानांवर हात ठेवायचे.

"तो बोट उचल!"

"उचललं की."

"नाही उचलला! तू काय सा चा चौकीदार आहे?"

पंधरा दिवस हेच. शेवटी ते वैतागले आणि घरून गिटार घेऊन आले. पियानोवर तुला चोरी करायला जागा मिळते, म्हणाले, हिच्यावर कर बघू. त्यांनी माझी तीन बोटं धरून तारांवर बसवली. पहिलं बोट दुसऱ्या तारेवर, तिथं सा. अनामिका पाचव्या तारेवर, तिथंही सा. मला बरं वाटलं. मग म्हणाले, आता तिन्ही बोटं एकेक तार बाजूला सरकव. मधलं आणि अनामिका जाड तारांकडे, पहिलं बोट सगळ्यात बारीक तारेवर. मी सरकवली आणि तारा छेडल्या. तीच ती चौकडी! ज्या बोटानं सा धरला होता तेच बोट आता म वर होतं. मोकळी राहिलेली करंगळी तिथल्या सा पर्यंत पोचत नव्हती.

मी हबकून बघत राहिलो. बोटांना तारांनी चरे पडले होते, पण त्याचं काही वाटेना. गार्डसाहेब म्हणाले, "आता परत ये." मी बोटं होती तिथं परत आणली, सा वाजला, आणि काय सांगू, डोळ्यांत पाणीच आलं. जन्मभर सा ऐकत होतो, पण तो भेटला असा तेव्हाच. मला त्याची लाजही वाटली. वडिलांच्या मागं इतकी वर्षं बसून जे कळलं नाही, ते या गार्डाच्या गिटारीवर कळावं?

मग मला नादच लागला. प, नी, रे, म आणि परत सा. पियानोवर, गिटारीवर, गुपचूप पेटीवरसुद्धा. पेटीवर एकाच हातात बसवायचं तर अंगठा सा वरून एक पट्टी डावीकडे, नी वर न्यायचा. एकच पट्टी. दिवसातून दोनशे वेळा तरी नेत असेन. थेटरात नायिका कड्याला लोंबकळली की मी ती चौकडी धरून ठेवायचो आणि लोक खुर्च्यांवरून उठायचे. मालक खूश झाले. मी तर फुगलोच होतो.

त्याच महिन्यातल्या एकादशीला नेहमीप्रमाणे होटगीला गेलो. दिवेलागण झाली होती, देऊळ भरलं होतं. वडिलांनी हात लाकडावर टेकवला आणि अभंग धरला. तिसऱ्या कडव्याला ते चाल वर नेऊन नी वर थोडं थांबायचे आणि मग सा वर यायचे. ती जागा मला पाठ होती. ते नी वर थांबले, आणि माझा अंगठा सा वरून एक पट्टी डावीकडे गेला. मी नेला नाही, तो गेला. प, नी, रे, म.

वडिलांचा हात चटका बसल्यासारखा लाकडावरून उडाला. तोंड तसंच उघडं, आवाज बंद. टाळ एकेक करून थांबले. मृदंगवाला माझ्याकडे बघू लागला. मी परत फिरायला हवं होतं, एका पट्टीचं तर काम, पण बोटं गोठली होती. डावा हात मात्र भाता हलवत होता, त्यामुळं ते चार सूर सगळ्या देवळात भरून राहिले. मला एवढंच दिसत होतं की मी माझ्या बापाची जागा घालवली.

आणि मग त्यांनी सा लावला.

हात हवेत, पेटीत सा नाही, कान तर नाहीतच, आणि तो सा सुईच्या टोकाएवढाही इकडेतिकडे नव्हता. माझी बोटं त्यांच्या मागोमाग आपोआप घरी आली. टाळ पुन्हा सुरू झाले. लोकांना वाटलं, मुद्दाम केलेली करामत आहे. कुणीतरी वा म्हणालंसुद्धा.

भजन संपल्यावर आम्ही दोघं देवळाच्या पायरीवर बसलो. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणालो, "आबा, चुकलं माझं."

"त्यो कसला सूर रं?"

"इंग्रजी हाय."

"त्यात सा नव्हता."

"नव्हता."

त्यांनी डावा तळहात उलटा करून बघितला. मग म्हणाले, "हाताला काय बी लागंना. लई घाबरलो. म्हणलं, आता आपलं आपुनच बघायचं. तर हितंच व्हता की." त्यांनी छातीवर बोट ठेवलं. मग माझ्या पाठीवर थाप मारून अगदी खुशीत म्हणाले, "आता तू न्हाय आलास तरी बी चालतंय. तुझं काम बघ."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्यांची जागा राहिली होती, मला तर आनंद व्हायला हवा होता. माझ्याशिवाय ह्यांचं चालेल, असा विचार मी कधी केलाच नव्हता.

पुढच्या एकादशीला मालकांनी सुट्टी नाकारली, तरी मी गेलो. पेटी मांडली, अंगठा सा वर ठेवला. वडिलांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि अभंग धरला. त्यांचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर होते. मी त्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही सा सोडला नाही, आणि त्यांनी एकदाही लाकडाला हात लावला नाही.