नाव सांगितल्याबिगर

लोह्याच्या बाजारात खलीलचाचाचं फोटोचं दुकान होतं. जुना फोटो मागायला गेलं की चाचा आधी इचारायचे, "कौन है ये? नाव सांग." त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरात अख्ख्या गावाचे चेहरे होते, पर बीएमपी का काय म्हंत्यात तसल्या फायली, मोबाईलवर उघडतच न्हाईत. मग चाचा घरच्या माणसाला बाजूला बसवायचे, त्यानं चेहरा बघून हाव म्हनलं तरच त्या फाईलीची जेपीजी करायचे, त्या माणसाच्या नावानं. कुनी म्हनलं, चाचा, एका दमात सगळ्या बदला की, तर म्हनायचे, "मेंढरं हाकायलो का मी?"

मी गेले तवा पोरगी कडेवर, तापानं फणफणलेली. ह्ये लातूरला डाळमिलीत कामाला म्हणून गेले ते परतलेच न्हाईत, मिलीत इचारलं तर तिथं आलाच न्हाई म्हनले. पोलीस ठाण्यात फोटो मागितला. लग्नाचे फोटो त्यांच्या मोबाईलात, आधारकार्ड त्यांच्या खिशात, माझ्याजवळ काय बी न्हाई. चाचा म्हनले, दहावीच्या वक्ताला मीच काढला होता त्याचा, असंल.

फायलीला नुसते आकडे, एकेक उघडून बघावी लागली. फोटो खालून वर यायचा, आधी सदरा, मग हनुवटी, मग डोळे. दर सदऱ्याला मी पुढं वाकायची. चाचा बोलतच होते, ह्यो मेला, ही हदगावला दिली, ह्याला तर कुनी बघायलाच आलं न्हाई.

मग पडद्यावर एक पोरगं आलं. मिशी न्हाई, मान बारीक. चाचांनी माउसवरचा हात काढला. मला वळखू येईना. दोन वर्साचा संसार, आन् ह्ये पोरगं मी कधी बघितलंच नव्हतं.

"बोल बेटा. न्हाई म्हनलीस तर बंद करतो."

पोरीच्या भिवया बघितल्या, त्याच्या बघितल्या. हाव म्हनले.

चाचांनी नाव टाकलं, फोटो मोबाईलवर दिला, माझ्याकडं न बघता म्हनले, "फाईल बदलली, बेटा. आतलं पोरगं तेवढंच हाय. त्याला मोठं करणं माझ्या हातात न्हाई."

ठाण्यात साहेबानं बोटानं फोटो मोठा केला तर नुसते चौकोन झाले. म्हनला, ह्ये तर लेकरू हाय बाई, ह्याला कोन वळखील. तवापासून तिथून फोन न्हाई.

दिवाळीच्या आगुदर चाचा गेले. त्यांच्या पोरानं दुकानात मोबाईलचे कव्हर लावले, कॉम्प्युटर भंगारात दिला. ज्यांचं नाव सांगायला कुनी आलं न्हाई, ते सगळे त्याच्यातच गेले.

पोरगी आता बोलायली. मी मोबाईल तिच्यासमोर धरते, चाचांसारखंच इचारते, कोन हाय ह्ये, नाव सांग. शेजारच्या शाळकरी पोराला हाक मारते तशीच ती म्हंती, दादा. मी पप्पा म्हण म्हंते. ती पुन्हा बघती, आन् पुन्हा दादाच म्हंती.