खरपुडीचं पाणी

चौथा महिना लागला तरी माझ्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नव्हता. आखातात, मुहर्रकमधल्या आमच्या खोलीत मी बादली जवळ घेऊन पडलेली असायची. दवाखान्यात सलाईन लावायचे, घरी पाठवायचे, की पुन्हा तेच. ऑफिसची लीव्ह संपली होती. नवरा विमानतळावर टेक्निशियन. शिफ्टला निघताना दारात घुटमळायचा. अमरावतीहून आई फोनवर म्हणायची, "लिंबू चोख, बाई." मला लिंबाच्या वासानेच ढवळून यायचं. मी आणि बाळ, दोघंही ह्यातून वाचत नाही, असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

समोरच्या खोलीत मादागास्करची एक बाई राहायची. झल्लाकच्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात ती खोल्या साफ करायची. एका दुपारी पातेलं मागायला आली. तिच्याकडे भाताचा इलेक्ट्रिक कुकर होता.

"त्यात भात करपत नाही," ती मोडक्या हिंदीत म्हणाली.

"करपवायचाय कशाला?"

"पाण्यासाठी."

माझी अवस्था बघून ती तिथेच थांबली. आमच्याच गॅसवर तिने भात लावला आणि मुद्दाम तळाला लागू दिला. वरचा भात काढून घेतला, खाली चिकटलेल्या तांबूस खरपुडीवर पाणी ओतलं, खळखळ उकळलं आणि गाळून कप माझ्या हातात दिला. सोनेरी रंग, किंचित कडवट चव, धुराचा वास. तिच्या गावी जेवणासोबत घरोघरी हेच पितात, म्हणाली. मी दोन घोट घेतले आणि बादलीकडे बघत बसले. काही झालं नाही. मग उरलेलंही प्यायले, आणि रडू आवरेना.

त्यानंतर ड्यूटीवर जाण्याआधी ती रोज ते करून ठेवायची. भात होईपर्यंत तिकडचं सांगायची. लिचीच्या दिवसांत निघणारा रस, रस्त्याकडेची गोड काळी कॉफी, आणि उसाची गावठी दारू, जिचा पहिला घोट पूर्वजांसाठी जमिनीवर ओततात.

पण बाळ राहिलं नाही. पाचव्या महिन्यात एका सकाळी अंगावरून रक्त गेलं. "ठोके लागत नाहीत," डॉक्टरीण म्हणाली.

"मी काही खाल्लं नाही म्हणून का?"

"नाही, तसं नाही."

मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही.

मी घरी आले त्या दिवशी समोरची आली. पाणी उकळलं, कप भरला, आणि मला देण्याआधी खोलीच्या ईशान्येच्या कोपऱ्यात, तिच्याकडे तो पूर्वजांचा कोपरा, थोडं ओतलं.

"घरी आम्ही दारू ओततो," ती म्हणाली. "पण हे लहान आहे ना. त्याला हेच."

आम्ही बौद्ध. असले विधी आमच्या घरात कधी झाले नाहीत. एरवी मी तिला अडवलं असतं. त्या दिवशी नुसती बघत राहिले.

संध्याकाळी नवऱ्याचा पाय ओल्या फरशीवर पडला. "हे काय सांडलंय?"

मी सांगितलं. त्याने फडकं आणलं, पुसायला खाली बसला, आणि तसाच बसून राहिला. दवाखान्यात सह्या करताना तो रडला नव्हता. आता हमसून हमसून रडायला लागला. मला उठवत नव्हतं.

"इकडे या ना," मी म्हणाले.

तो जागचा हलला नाही.