देवाच्या सालाची माफी

साल वृक्षांची आनुवंशिकता तपासणाऱ्या संशोधकाने भुतांवर विश्वास ठेवू नये, आणि त्या दिवशी दुपारी सव्वादोनपर्यंत मीही ठेवला नव्हता.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. चौबे कॉलनीतल्या आमच्या घरात मी जुन्या सालांची वाळवलेली पानं पुड्यांत जपून ठेवत असे (भाजीच्या टोपलीशेजारी!). बायको, सुषमा, अंध मुलांसाठी बोलती पेटी बनवत होती. पेटीवरच्या सालीच्या तुकड्यावर बोट ठेवलं, की झाड स्वतःची ओळख सांगणार. पेटी तपासायला ती अंधशाळेतल्या कुंतीला आणायला गेली होती. घरात मी आणि वर्ध्याहून आलेल्या सासूबाई. बाहेर लूचे भाजणारे वारे, खिडक्या बंद, आत अंधार.

"जावईबापू, आतल्या खोलीत कोण हाय?"

"कोणी नाही, आई."

"मंग बोलून कोण राहिलं?"

मी कान दिला. घोगरा, संथ आवाज आला, "मैं यहीं खड़ा हूँ... मुझे छुओ..."

दार ढकललं. खोलीत माणूस नाही. कूलर तेवढा घरघरत होता.

"मैं बहुत बूढ़ा हूँ..."

मी सासूबाईंच्या मागे लपलो. (त्या पावणेपाच फूट.)

"कोन्या झाडाले हात लावला तुम्ही?"

"एका गावाबाहेर देवाचा म्हणून राखलेला साल होता... त्याची पानं तोडली."

"इचारलं होतं काय त्याले?"

"झाडाला कसं विचारू?"

"म्हणूनच तर ते इथं आलं ना!"

या तर्कापुढे माझी डॉक्टरेट टिकली नाही. पाच मिनिटांत पुड्या उघडून पानं पाटावर मांडली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, सगळं पाणी पानांवर! मी हात जोडून "चुकलं, महाराज!" म्हणतोय, तोच सुषमा आणि कुंती दारात.

आवाज पुन्हा आला. कुंतीने मान तिरपी केली. "अंकलजी, आपको ज़ुकाम है क्या?"

"मला?"

"अंदर आप ही तो बोल रहे हैं!"

सुषमा आत धावली आणि कूलरसमोरच्या ओल्या टॉवेलखालून पेटी काढली. ती तापू नये म्हणून टॉवेल मीच टाकला होता. त्या ओलीलाच पेटी बोट समजत होती. आवाज माझाच, सर्दीत रेकॉर्ड केलेला, मुलांना कळावा म्हणून सुषमाने संथ केलेला.

पेटी पास झाली. माझे नमुने गेले.

महिन्याने नवी पानं आणायला त्याच सालाखाली गेलो. आसपास कोणी नाही हे पाहून हळूच विचारलं, "घेऊ का?"

वारा पडला. पाखरं गप्प झाली. एकही पान हललं नाही.

मी पाय न वाजवता माघारी फिरलो, आणि अहवालात लिहिलं: सदर वृक्ष जागेवर आढळला नाही.