कापूस टोचते

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आई म्हणते, "हे पोरगी जल्मली तवा रडली नाई, भांडली." त्यामुळे व्हिडिओ कॉलवर आईचा पदर उजव्या खांद्यावर दिसला, तेव्हा मी काही गोडीत विचारलं नाही.

"हे काय नवीन? गुजराथीण झालीस का या वयात?"

"गर्मी होते वं," ती म्हणाली आणि फोन वर छताकडे केला. पुढचं सगळं बोलणं मी अमरावतीच्या घरातल्या पंख्याशी केलं. पौष चालू होता. लोक सकाळी स्वेटर घालून दूध आणायला जात होते आणि माझ्या आईला गर्मी होत होती.

वडील गेल्यापासून आई दादाकडे अमरावतीला राहते. पोळ्याच्या सुमारास तिला नागीण उठली होती, डाव्या खांद्यावरून मानेखाली आणि मागे पाठीपर्यंत. फोडांचा नुसता पट्टा. शेजारणींनी गेरू लावला, दादानं डॉक्टर केला, आणि जे व्हायचं तेच झालं. फोड सुकले, खपल्या पडल्या, डाग राहिले. नागीण गेली, म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

मी सोडला नाही. कारण मी दूरच्या शहरात एका प्रयोगशाळेत याच दुखण्यावर काम करते. जखम भरते, डाग फिके पडतात, आणि तरी दुखणं घरजावयासारखं मुक्कामाला राहतं, ते काहून, हे आम्ही उंदरांवर पाहतो. उंदराच्या तळपायाला केसासारखा बारीक नायलॉनचा धागा टेकवायचा. धडधाकट उंदीर ढुंकूनही पाहत नाही. ज्याची नस बिघडली आहे, तो पाय झटक्यात वर उचलतो. त्याला तो धागा आगीसारखा लागतो. उंदीर खोटं बोलत नाही. माझी आई बोलते.

सुरुवातीला ती सांगायची. "राहून राहून भगभग होते," म्हणायची. मग एक दिवस मी फोनवर तिला शास्त्र समजावायला बसले. म्हटलं, आई, दुखणं आता खांद्यात राहिलेलंच नाही. खांद्यातून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या नसा असतात, त्यांच्या शेजारी राखण करणाऱ्या पेशी असतात. नागीण आली तेव्हा त्या जाग्या झाल्या आणि आता झोपायचं नावच घेत नाहीत. रानडुकरं कधीच निघून गेली, तरी जागल करणारा शेताच्या धुऱ्यावर डबा वाजवत राहतो, तसं. मी स्वतःच्या उदाहरणावर फार खूश झाले होते.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे डोक्यात हाय?"

"हो, एका अर्थानं डोक्यातच."

बस्स. आमच्याकडे 'डोक्यात फरक पडला' म्हणजे वेड लागलं, हे मला काय कोणी शिकवायला पाहिजे? पण तेव्हा ते सुचलं नाही. त्या दिवसापासून आईनं दुखण्याचा 'द' काढला नाही. विचारलं की म्हणायची, "काई नाई, बेस हाय."

मग दादाचा फोन आला. तो बिचारा हात टेकून बसला होता. "जेवत नाई, झोपत नाई, भिताडाले टेकून बसून राहते. डाग गेले, सारे रिपोर्ट नॉर्मल, मंग दुखते काऊन? आता मनाच्या डॉक्टरले दाखवतो." आई मागेच उभी असणार. कारण लगेच तिनं फोन घेतला आणि मला म्हणाली, "बाई, मले आत्यासारखं नोका करू."

आत्या म्हणजे तिची आत्या. दर्यापूरजवळच्या आमच्या आजोळी राहायची, नवऱ्यानं आणून सोडलेली. अंगावर पदर ठेवत नसे. कोणी जवळ आलं की किंचाळायची. आधी अंगारे-धुपारे झाले, मग तिला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. त्या खोलीतच ती गेली. आजही आमच्यात कोणी जरा विचित्र वागलं की म्हणतात, 'आत्यावर गेली वाट्टे.' मीही हे लहानपणापासून हसत ऐकत आले आहे. आईच्या तोंडून ते ऐकलं, तेव्हा हसले नाही. रजा टाकली आणि निघाले.

घरी पोचले तर आई भाकरी करत होती, उजव्या हातानं थापत, डावा हात अंगाला चिकटवून. मी जवळ घ्यायला गेले तर "पीठ लागन वं" म्हणून मागे सरली. खिडकीतून वारा आला, पदराचा शेव उडून डाव्या खांद्याला लागला आणि तिच्या पायाची बोटं आत वळली. चेहरा मात्र जसाच्या तसा. माझ्या डोळ्यांना पाय पाहायची सवय आहे. मी ती बोटं पाहिली आणि काही बोलले नाही, ही माझ्या आयुष्यातली विरळाच गोष्ट.

दुपारी मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, "खरं सांग, आपण येडे होऊन राहिलो त आपल्याले समजते काय?"

"काहीतरीच काय बोलतेस!" मी केवढ्यानं तरी ओरडले. ओरडले, कारण मी घाबरले होते. दुखण्यानं माणूस मरत नाही, पण आपण वेडे झालो असं एकदा मनानं घेतलं, की मग काय राहतं? आणि ती त्या दिशेनं रोज थोडी थोडी निघाली होती.

अकोल्याला फक्त दुखण्याचं पाहणाऱ्या एक डॉक्टर बसतात, असं कळलं होतं. दादाला म्हटलं, आधी त्यांना दाखवू, मग तुझा मनाचा डॉक्टर. तो म्हणाला, "दाखव बाप्पा, पण तिथंबी नॉर्मलच निंगालं त मंग मायं आयकशीन." मी कबूल झाले.

एसटीत आईला खिडकीशी बसवलं, डावा खांदा खिडकीकडे, काच बंद, म्हणजे वारा नको, कोणाचा धक्का नको. तर मूर्तिजापूरला एक गडी चढला आणि आमच्या सीटच्या मागून आमच्या डोक्यावर वाकून, काच सरकवून खिडकीबाहेर कोणाला तरी हाका मारायला लागला. माझा पारा चढला. "ओ भाऊ, सरका मागं!" तो म्हणाला, "एसटी हाय बाई, उडतं इमान नाई." सगळी गाडी हसली. आईसुद्धा. फार दिवसांनी तिला हसताना पाहिलं, म्हणून मी त्या माणसाला माफ केलं.

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, आईला टेबलावर बसवलं आणि बाजूच्या गुंडाळीतून कापसाचा एक पुंजका ओढला. तो पाहून आईचा चेहरा उतरला. मला वाटलं, दवाखान्याची भीती.

"डोळे मिटा, मावशी. कापूस कसा लागतो, ते सांगायचं." आधी उजवा खांदा.

"मऊ."

मग डावा. कापूस नुसता टेकला. आईच्या पायाची बोटं वळली, टेबलावरची चादर मुठीत आली. डॉक्टरांचं लक्ष खांद्याकडे होतं.

"इथं?"

"...मऊ."

"दुखत नाही?"

"कापसानं कोणाले दुखते बाई!" आई हसली. डॉक्टरांनी पेन उचललं.

माझा जीव टांगणीला लागला होता. गप्प बसले, तर कागदावर नॉर्मल लिहिलं जाणार, आणि पुढचा रस्ता मला दिसत होता. बोलले, तर जे ती इतके महिने जिवापाड झाकून ठेवते आहे, ते मी चारचौघांत उघडं पाडणार.

"खोटं बोलतेय ती! पाय बघा तिचे!" मी ओरडलेच.

आईनं माझ्याकडे पाहिलं. ती मला घाबरली होती. पोटच्या पोरीला. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या. "मावशी, खरं कसं लागते?" आता त्याही आमच्यासारख्याच बोलायला लागल्या होत्या.

आईनं मुठीतली चादर सोडली. मग म्हणाली, "टोचते. कापूस टोचते. पऱ्हाटीची काडी नाई, बोंडाचं टोक नाई, नुसता कापूस. आन् मंग आग होते." आणि तिनं दाराकडे पाहिलं. कोणी बाहेरून कडी घालतंय का, असं.

"टोचतेच," डॉक्टर म्हणाल्या. "नागीण गेल्यावर काही जणांना असं होते. नस बिघडली, की मऊ लागलेलंही वर टोचलं म्हणूनच पोचते. औषध आहे. एकदम जाणार नाही, पण कमी होईल."

"मंग मी येडी नाई?"

"नाही, मावशी."

मी रडले. आई रडली नाही. ती कसला तरी विचार करत होती. उठता उठता तिनं विचारलं, "हे असं पयलेबी होत असन? आमी लायने होतो तवा?"

"होतच असणार. तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, एवढंच."

अकोल्याच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मी दादाला फोन लावून मनसोक्त सुनावलं. "घे तुझं नॉर्मल!" असं म्हणून फोन ठेवला, तेव्हा जरा बरं वाटलं. आईला म्हटलं, चहा घेतेस?

"मंग आत्याबी येडी नोती," ती म्हणाली.

मी म्हटलं, कोणास ठाऊक, तिला नागीण झाली होती की नाही.

"झाली होती. गेरूचा पट्टा मले आठोते." तिनं हवेतच बोट फिरवून दाखवलं, कुशीपासून पाठीपर्यंत, अंगाला न लावता. "वेचणीच्या दिवसात घरात कापसाचा ढीग राहे. आमी पोट्टे खिडकीतून तिच्या आंगावर कापूस फेकत होतो. ती कोपऱ्यात जाऊन किंचाळे. कापसाले भेते म्हणून आमी हासत होतो." थोडं थांबून म्हणाली, "मीबी फेकला, बाई. लय फेकला."

तिच्या खांद्यावर ठेवायला मी हात उचलला आणि मधेच आवरला. तो डावा खांदा होता. मी उठले, बाकाला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले, आणि मग ठेवला.