मुकी झालेली सायकल

लग्न होऊन मी रेवसजवळच्या त्या गावात आले तेव्हा हे धक्क्यावर लाँचची तिकिटं द्यायचे. जाणं-येणं सायकलने. वाट पुळणीवरची, वर खारा वारा. चेनला खोबरेल तेल घातलं की त्यावर रेती बसायची आणि सायकल करकरत यायची. ती करकर ऐकली की मी तवा ठेवायची. ओटीवर बसलेले सासरे म्हणायचे, "आला."

एका रविवारी ह्यांनी चेन काढून घासलेटमध्ये धुतली आणि माझ्याकडून जुनं पातेलं मागून घेतलं. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेणबत्त्यांचे तुकडे. मेण पातळ झाल्यावर चेन आत सोडली. बारीक बुडबुडे येत राहिले. ते थांबल्यावर चेन तारेने उचलून पेरूच्या फांदीला टांगली. मेणाला रेती धरत नाही, लाँचच्या तांडेलाने सांगितलं, असं हे म्हणाले. सासऱ्यांना ते पटलं नाही. तेल असताना हा उपद्व्याप कशाला, असं त्यांनी दोनदा विचारलं.

त्यानंतर सायकल मुकीच झाली. हे दारात उभे राहीपर्यंत पत्ता लागेना. येणंही उशिरा होऊ लागलं. चाकांना पांढरट चिखल दिसायचा, तसा चिखल फक्त मिठागरांवर. धक्क्याच्या वाटेवर मिठागर नाही, आणि मिठागरांची वाट तर आमच्या घरामागून जाते. जेवताना भाकरीही कमी खायचे. विचारलं तर म्हणत, लाँच उशिरा लागली. त्याच लाँचने आलेल्या शेजारणीला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. लाँच वेळेवर आली होती.

म्हणजे चेनला मेण घातलं ते घरामागून गुपचूप जाता यावं म्हणून. कोणीतरी बाई असणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. मी ह्यांचे सदरे हुंगून पाहायला लागले.

शेवटी एका संध्याकाळी मीठ आणायचं निमित्त काढून मी मिठागरावर गेले. तिथल्या एका झोपडीला सायकल टेकून ठेवली होती. आतून बाईचं हसणं ऐकू आलं. मी सरळ दारात जाऊन उभी राहिले. हे जेवत होते आणि समोर मांडीवर मूल घेतलेली एक बाई होती. तिने मान वर केली, तर चेहरा हुबेहूब ह्यांचा.

ती माझी धाकटी नणंद. मिठागरातल्या परजातीच्या मुलाशी तिने लग्न केलं, तेव्हापासून सासऱ्यांनी घरात तिचं नाव बंद केलं होतं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मला हायसं वाटायला हवं होतं, पण रागच आला.

"मला का नाही सांगितलंत?"

"बाबांनी विचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं," हे म्हणाले.

नणंदेने मला पाट दिला. मी बसले.

पुढच्या वर्षी सासऱ्यांना कुठून तरी कळलं. आपल्या मुलाला ते काही बोलले नाहीत. संशय सगळा माझ्यावर आला, सुनेनेच त्याला तिकडे वळवलं. कितीतरी महिने ते माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हते. मीही खुलासा केला नाही.

मग ते अंथरुणाला खिळले, तेव्हा निरोप मीच धाडला. नणंद आली आणि त्यांच्या पायांशी बसली. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, पण तिला जा म्हणाले नाहीत. दिवेलागणीपर्यंत ती तिथेच बसून होती.